‘सर, मी फक्त उघडून बघितलं’: परका कोड हाताळताना या चुका टाळा

सातपूरला आमचं आठ जणांचं ऑफिस आहे. दर जून-जुलैत नाशिकच्या कॉलेजांमधून दोन-तीन इंटर्न येतात. पोरं हुशार असतात, पण परका कोड मशीनवर घ्यायची त्यांची पद्धत बघितली की पोटात गोळा येतो. आणि चुका दर वर्षी त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘रन केलं तरच धोका, उघडून बघण्यात काय जातंय’ हा समज.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका मुलाला नोकरीच्या साइटवर कुणीतरी गाठलं. पगार चांगला, काम घरून, मुलाखतीआधी फक्त एक टेस्ट: ही रिपॉझिटरी, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडचा साठा, घ्या आणि त्यातला बग शोधा. त्याने दुपारी डबा खाताखाता ऑफिसच्याच लॅपटॉपवर ती क्लोन केली, म्हणजे उतरवून घेतली, आणि व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये उघडली. एडिटरने विचारलं, या फोल्डरच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का? त्याने ‘हो’ दाबलं. टर्मिनल, म्हणजे कमांड चालतात ती खिडकी, क्षणभर चमकून बंद झालं. त्याला शंका आली, त्याने फोल्डर डिलीट केलं आणि विषय संपला असं समजून कामाला लागला. रात्री साडेआठला आमच्या क्लायंटच्या क्लाउड खात्यात अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याचा अलर्ट आला.

‘सर, मी फक्त उघडून बघितलं, रन केलंच नाही.’ तो खरं बोलत होता.

रिपॉझिटरी अजून जागेवर होती. दुसऱ्या मशीनवर, ब्राउझरमध्येच, मी डॉट-व्हीएसकोड फोल्डरमधली टास्क्स डॉट जेसन ही फाइल उघडली. फोल्डर उघडताच टास्क, म्हणजे ठरवून ठेवलेली कमांड, चालवायची सूचना त्यात होती. कमांडच्या ओळीत दिसायला लिंटरची (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाची) साधी कमांड. पण खालचा आडवा स्क्रोलबार अगदी बारीक झालेला दिसला, म्हणून उजवीकडे सरकवत गेलो. भरपूर मोकळ्या जागेनंतर खरी कमांड होती: बाहेरच्या सर्व्हरवरून स्क्रिप्ट आणा आणि थेट नोडला, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, द्या. त्या लॅपटॉपवर क्लायंटच्या चाव्या, म्हणजे खात्यात शिरायचे गुप्त संकेत, एन्व्ह या सेटिंगच्या फाइलमध्ये उघड्या पडलेल्या होत्या. बाकी काही फोडायची गरजच नव्हती.

व्हीएस कोडमधली विश्वासाची ती खिडकी २०२१ मध्ये आली, ती याच कारणासाठी. ‘नाही’ म्हटलं तर फोल्डर रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये उघडतं. कोड वाचता येतो, पण टास्क, डीबगिंग आणि बरीचशी एक्स्टेंशन्स थांबलेली राहतात. वाचायला तेवढं पुरतं. ‘ही खिडकी कायमची बंद करा, कटकट जाते’ असं शिकवणारे व्हिडिओ आहेत आणि पोरं ते बघून पहिल्याच दिवशी ती बंद करून टाकतात. मला याचा मनापासून राग येतो. कर्सर या एडिटरमध्ये तर हे संरक्षण मुळातच बंद ठेवलेलं असायचं, हे सप्टेंबर २०२५ मध्ये चव्हाट्यावर आलं. वापरत असाल तर आजच सेटिंग तपासा.

माझी सवय सांगतो. परका फोल्डर आला की आधी ऑल्ट आणि झेड दाबून वर्ड रॅप चालू करतो, म्हणजे उजवीकडे लपवलेलं खाली दुमडून समोर येतं. मग डॉट-व्हीएसकोड आणि पॅकेज डॉट जेसनमधला स्क्रिप्ट्सचा भाग. पाच मिनिटं लागतात. ज्याला पाच मिनिटं नाहीत त्याने परका कोड घेऊच नये.

प्रोजेक्ट झिपमध्ये घेणं ही दुसरी चूक, आणि ती अनुभवी लोकही करतात. गिटने (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनाने) क्लोन केलं तर समोरच्याचे हुक्स, म्हणजे गिट आपोआप चालवतं त्या स्क्रिप्ट्स, आणि त्याची गिट कॉन्फिग फाइल तुमच्याकडे येत नाही. कुणी स्वतःचं प्रोजेक्ट फोल्डर झिप करून दिलं तर त्यातून अख्खं डॉट-गिट फोल्डर येऊ शकतं, त्या सेटिंगसकट. त्यात ‘एफएसमॉनिटर’ नावाची एक सेटिंग असते, तिथे कुठलीही कमांड लिहिता येते. मग तुम्ही नुसतं ‘गिट स्टेटस’ केलं तरी ती चालते. फाइल्सचा मालक दुसरा असेल तर गिट २०२२ पासून अडवतं, पण झिप तुम्हीच उघडल्यामुळे मालक तुम्हीच ठरता. म्हणून झिप आली की मी आधी आतलं डॉट-गिट उडवतो.

गिट जुनं ठेवू नका. मे २०२४ मध्ये गिटमधली सीव्हीई-२०२४-३२००२ या नोंदणी क्रमांकाची चूक दुरुस्त झाली. त्याआधी विंडोज आणि मॅकवर सबमोड्यूलसकट (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीसकट) नुसतं क्लोन केलं तरी परका कोड चालू शकत होता.

एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस आणणारं साधन. त्याच्या इन्स्टॉलबद्दल किती सांगायचं! पॅकेज इन्स्टॉल होताना त्याची स्क्रिप्ट तुमच्या नावाने, तुमच्या परवानग्यांनी चालू शकते. ऑक्टोबर २०२१ मध्ये यूए-पार्सर-जेएस या प्रचंड वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या तीन आवृत्त्यांमध्ये असाच कोड घुसवला गेला होता. सप्टेंबर २०२५ मधला शाय-हुलूद किडा तर चोरलेल्या टोकनने (लॉगिनच्या चावीने) पुढची पॅकेजेस स्वतःच बिघडवत गेला. मी एनपीएमच्या कॉन्फिगमध्ये ‘इग्नोर-स्क्रिप्ट्स’ कायम चालू ठेवतो. एखादं पॅकेज त्यामुळे अडलं तर त्याची स्क्रिप्ट वाचून हाताने चालवतो. पीएनपीएम या एनपीएमच्या पर्यायात दहाव्या आवृत्तीपासून डिपेन्डन्सीच्या, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसच्या, अशा स्क्रिप्ट्स आपोआप चालतच नाहीत. नवीन प्रोजेक्टला मी तेच सुचवतो. पण एक लक्षात घ्या, यानंतर ‘एनपीएम स्टार्ट’ केलंत तर कोड चालणारच.

नेटवरची स्क्रिप्ट पाईपवरून थेट बॅशला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या शेलला, देऊ नका. आधी फाइल उतरवा, वाचा, मग चालवा.

परमिशनची एरर आली की सुडो लावायची, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायची, सवय मोडा.

कुणी दिलेली पिकल (पायथनमध्ये डेटा साठवायची) फाइल डेटा म्हणून उघडू नका, ती उघडतानाच कोड चालू शकतो.

डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात, चालवतोय म्हणजे सुरक्षित, असं म्हणणाऱ्याने कंटेनरला डॉकरचं सॉकेट (ज्यातून डॉकरचाच ताबा मिळतो) किंवा स्वतःचं होम फोल्डर जोडलंय का, ते आधी बघावं.

आणि आता माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक: लपवणं. टर्मिनल चमकल्यापासून अलर्ट येईपर्यंत सहा तास गेले. त्या मुलाला भीती होती की सर रागावतील. फोल्डर पुसून काही होत नाही, कारण चाव्या निघून गेलेल्या असतात. त्याने दुपारीच सांगितलं असतं तर क्लायंटला रात्री फोन करायची वेळ आली नसती. म्हणून आता इंटर्नला पहिल्या दिवशीच सांगतो, चुकीबद्दल मी रागावणार नाही, उशिराबद्दल रागावेन.

त्या रात्री आम्ही ज्या क्रमाने गेलो तोच क्रम ऑफिसच्या भिंतीवर लावला आहे. आधी त्या लॅपटॉपचं नेट बंद. मग दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून सगळ्या चाव्या आणि टोकन रद्द: क्लाउड, गिटहब, एनपीएम, एसएसएच. इथे पोरं घाईत बिघडलेल्याच लॅपटॉपवरून पासवर्ड बदलायला बसतात आणि नवा पासवर्डही हातोहात देऊन टाकतात. ब्राउझरमधली सगळी लॉगिन सेशन्स बंद. मग क्लायंटला फोन, मेल नाही. शेवटी लॅपटॉप पूर्ण फॉरमॅट. अँटिव्हायरसने ‘क्लीन’ सांगितलं तरी फॉरमॅट. आमचं हे सगळं रात्री दीडला संपलं. दुसऱ्या दिवशी कपाटातला एक जुना लॅपटॉप पुसून, एकही चावी न ठेवता, खिडकीजवळच्या टेबलावर मांडला. नोकरीच्या टेस्ट आता तिथेच उघडतात.