लेकराला भूल द्यायची आहे? घरून निघण्याआधी हे वाचा

ऑपरेशन थिएटरच्या दारात मी मुलाला "काही खाल्लंस का?" असं कधीच विचारत नाही. "आज नाश्त्याला काय होतं रे?" असं विचारते. पहिल्या प्रश्नावर मुलं आईकडे बघतात आणि नाही म्हणून मान हलवतात. दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर येतं.

गेल्या उन्हाळ्यात यावल तालुक्यातला पाच वर्षांचा एक मुलगा हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. वेळ साडेनऊची. रात्री आठपासून उपाशी आहे, असं आईने सांगितलं, केसपेपरवरही तेच. मी नेहमीप्रमाणे नाश्त्याचं विचारलं, तर तो खुशीत म्हणाला, "आजीनी केयं दिधं." म्हणजे आजीने केळं दिलं. आजी मागेच उभी होती, साल अजून तिच्या पिशवीत होतं. "केयं काय जेवन शे का, मॅडम?" तिने अगदी मनापासून विचारलं. नातू पहाटेपासून रडत होता, तिला बघवलं नाही. केळीच्या मुलखात केळं खाण्यात धरतच नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. आम्ही ऑपरेशन दुपारी साडेतीनला घेतलं. आजीला कुणी रागावलं नाही. पण मुलगा बोलला नसता तर काय झालं असतं, हे मी तिला शेजारी बसवून नीट समजावलं. तेच इथे लिहिते.

मी भूलतज्ज्ञ. बावीस वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या लहानमोठ्या थिएटरांत मुलांना भूल देते. सर्जनला तुम्ही दोन-तीनदा भेटता. मला बऱ्याचदा ऑपरेशनच्या दिवशीच, ते पण घाईत. म्हणून माझी पहिली विनंती: आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टरांची भेट मागून घ्या. मुलाला सोबत आणा, जुने कागद, लसीकरणाचं कार्ड, चालू औषधांच्या बाटल्या सगळं आणा. मुलाचं वजन तुमच्यासमोर काट्यावर करून घ्या. आमचं प्रत्येक औषध किलोच्या हिशोबाने मोजलं जातं. "असेल बारा-तेरा किलो" यावर चालत नाही.

उपाशी किती, आणि पाणी किती वाजेपर्यंत

जागेपणी घशाशी काही आलं तर आपण खोकतो, गिळतो. भुलीत ही राखण बंद असते. पोटातलं अन्न वर येऊन श्वासनळीत उतरलं तर फुप्फुसाला इजा होते, आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून उपास.

पण उपास घड्याळाने करायचा. जेवण, बिस्किट, केळं, वरचं दूध (गाईचं, म्हशीचं, शेळीचं, डब्याचं) भुलीच्या 6 तास आधी बंद. आईचं दूध 4 तास आधी बंद. साधं पाणी किंवा साखरपाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. आता तर कित्येक ठिकाणी पाणी तासभर आधीपर्यंत देतात, तुमचे डॉक्टर सांगतील तसं करा. शेवभाजी, भरीत-पुरी असं तेलकट जेवण झालं असेल तर 8 तास धरा. ताक, पेज, चहा, ज्यातून पलीकडचं दिसत नाही ते पाणी नव्हे.

सकाळी 9 ची वेळ असेल तर रात्री आठला मऊ वरणभात द्या. वरचं दूध पिणाऱ्या बाळाला उठवून पहाटे 3 च्या आत दूध पाजा. अंगावर पिणाऱ्याला 5 पर्यंत पाजा. आणि सातला कपभर साखरपाणी सगळ्यांनाच. हे शेवटचं बहुतेक घरांत होत नाही. "उपाशी ठेवा" ऐकलं की रात्री नऊपासून घोटभर पाणीही बंद होतं. मग आधीचं ऑपरेशन लांबतं, आपला नंबर दुपारी एकला लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास असतो आणि लेकरू सोळा तास कोरडं. असं मूल माझ्याकडे येतं तेव्हा ओठ सुकलेले, शीर सापडत नाही, लहान बाळाची साखरही उतरलेली असते. नंबर पुढे गेला की सिस्टरांना जाऊन विचारा, "ताई, आता पाणी देऊ का?" यात लाजायचं काही नाही. लहान मूल यादीत पहिलं घ्यावं, हेही आदल्या दिवशी बोलून ठेवा.

सर्दी लपवू नका

हे लिहिताना मला आजही जड जातं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. तीन वर्षांची मुलगी, चुलीवर भाजून हाताची बोटं आखडलेली, ती मोकळी करायची होती. मी आईला विचारलं, "सर्दी-खोकला नाही ना?" आई म्हणाली, नाही. ऑपरेशन छान झालं. शेवटी घशातली नळी काढली आणि तिचं स्वरयंत्र घट्ट मिटलं. छाती हलत होती, पण आत हवा जात नव्हती. मॉनिटरचा टीं-टीं आवाज खाली खाली उतरत गेला, रक्तातला ऑक्सिजन 98 टक्क्यांवरून 60 च्या घरात. मास्क घट्ट धरून शंभर टक्के ऑक्सिजनचा दाब दिला, औषध दिलं आणि दीडेक मिनिटात गळा मोकळा झाला. मुलगी बरी होऊन घरी गेली. नंतर आई रडत म्हणाली, चार दिवसांपासून खोकला होता, दारात येण्याआधी तिने नाक पुसलं होतं. चांदसैली घाट उतरून आली होती, दोन दिवसांची मजुरी बुडवून. परत पाठवलं तर पुन्हा येणं जमणार नव्हतं.

चूक माझी होती. "नाही ना?" असं विचारलं की समोरचा माणूस "नाही" म्हणतो. तेव्हापासून मी विचारते, "शेवटची सर्दी कधी झाली होती?"

सर्दीने श्वासनळी चिडलेली असते, आणि ती चीड खोकला थांबल्यावरही दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त टिकते. नुसतं पाण्यासारखं नाक वाहतंय आणि मूल हुंदडतंय, तर छाती तपासून पुढे जाता येतं. ताप, कफाचा खोकला, छातीत घरघर असेल तर हर्निया, हायड्रोसिल (अंडाशी पाणी साठणं) यांसारखं ठरवून करायचं ऑपरेशन पुढे ढकलावं. येण्याआधी फोन करून सांगा, म्हणजे भाडंही वाचेल.

आणखी सांगायच्या गोष्टी: बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं होतं का (अशी तान्ही बाळं भुलीनंतर श्वास घ्यायचं विसरू शकतात, त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवावं लागतं), दमा, झटके, हृदयातला आवाज, कुठल्या औषधाची ॲलर्जी, घरात कुणाला भुलीत जबर ताप चढला होता का, किंवा ऑपरेशननंतर कुणाला बराच वेळ श्वास मशीनवर द्यावा लागला होता का. हे काका-मामांनाही फोन करून विचारा. गावातल्या वैदूचं औषध, झाडपाला, गुटी चालू असेल तेही सांगा. आम्ही हसणार नाही, रागावणारही नाही.

सिकलसेल

आपल्या भागासाठी हा मुद्दा वेगळा लिहिते. सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपड्यापर्यंत, भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार बराच आढळतो. ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं किंवा अंग गार पडलं की या मुलांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. ऑपरेशनच्या दिवशी या तिन्ही गोष्टी घडू शकतात. म्हणून हे मूल यादीत पहिलं हवं, सकाळपासून सलाईन हवं, अंगावर गरम पांघरूण हवं, आणि कधी आधी रक्त भरावं लागतं. हे सगळं करता येतं, फक्त आधी माहीत पाहिजे. 2023 पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे आणि तपासणीनंतर कार्ड मिळतं. ते कार्ड पेटीत ठेवू नका, दवाखान्यात आणा. तपासणी झाली नसेल तर ऑपरेशनआधी करून मागा. वाहक असणं आणि आजार असणं यात फरक आहे, तो डॉक्टरांकडून समजून घ्या.

घरून निघताना

सुट्टीतली ऑपरेशनं नेमकी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमाराला येतात. मुली माहेरपणाच्या थाटात, हातभर मेंदी. भुलीत बोटाला जो चिमटा लावतो, तो नखातून लाल उजेड पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. गडद मेंदी आणि नखांचा रंग त्याला अडवतात. मेंदी ऑपरेशननंतर काढा, निदान एका हाताची बोटं मोकळी ठेवा. काजळ, तीट पुसून आणा, ओठांचा आणि त्वचेचा रंग आम्हाला दिसला पाहिजे. करदोडा, वाळे, कानातलं घरीच काढा. श्रद्धेचा गंडा असेल तर सांगा, मी तो उशाशी ठेवून देते. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दात हलतो का, ते बघून ठेवा. नळी घालताना तो निसटून श्वासनळीत जाऊ शकतो.

मुलाला खोटं सांगू नका. "दुकानात चाललोय" म्हणून आणलेलं मूल हिरवे कपडे दिसले की जे बिथरतं, ते उठल्यावरही बिथरलेलंच असतं. "डॉक्टर मावशी फुगा फुगवायला देईल, झोप लागेल, उठशील तेव्हा आई असेल" एवढं पुरे.

दवाखान्यात विचारा

भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन संपेपर्यंत मुलाजवळच थांबतील ना? लहान मुलांच्या मापाचे मास्क, नळ्या, बीपीचा पट्टा आहे ना? ऑक्सिजन आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड दोन्ही मोजणारा मॉनिटर आहे ना? लागलं तर मुलांचा आयसीयू कुठे? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. तान्हं बाळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या दुप्पट ऑक्सिजन वापरतं. श्वास अडला तर मोठ्यांच्या बाबतीत आमच्या हातात मिनिटं असतात, बाळाच्या बाबतीत सेकंद. म्हणून हे विचारायचं.

"मेंदूवर परिणाम होतो का?" हे प्रत्येक आई विचारते. एकदाच, तासाभराच्या आतली भूल दिलेल्या बाळांची पाच वर्षांचं होईपर्यंत पाहणी झाली आहे. 2019 मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि बुद्धीत फरक दिसला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल. गरजेचं ऑपरेशन या भीतीने टाळू नका. थांबता येण्यासारखं असेल तर सर्जनशी बोला.

उठल्यावर आणि घरी

दोन ते पाच वर्षांची काही मुलं भुलीतून उठताना किंचाळतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. बघवत नाही, पण बहुतेकदा पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात हे शांत होतं. जवळ घ्या, एकच ओळखीचा आवाज बोलू द्या. सगळे नातेवाईक भोवती गोळा होऊ नका.

आधी दोन-तीन चमचे पाणी, राहिलं तर थोडं दूध, मग मऊ भात. दुखू नये म्हणून माकडहाडाजवळ इंजेक्शन दिलं असेल तर पाय चार-सहा तास लटपटतात, उभं करू नका. घरी नेताना मोटरसायकलच्या टाकीवर बसवू नका. मूल पेंगतं, मान छातीवर पडते आणि श्वास अडतो. गाडीत मांडीवर आडवं घ्या, हनुवटी वर ठेवा.

पॅरासिटामॉलचं पातळ औषध एकाच नावाने 125 आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं, आणि थेंबांची बाटली त्याहून कडक असते. डॉक्टरांना किती मिली ते लिहून मागा, बाटलीशी ताडून बघा आणि मापाच्या झाकणानेच द्या. दोन डोसांत किमान सहा तास ठेवा. मूल उठवून उठत नसेल, श्वासात आवाज येत असेल, ओठ निळे दिसत असतील, सारख्या उलट्या होत असतील, तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर आठवड्याभरानेही रक्त येऊ शकतं. झोपेत मूल सारखं गिळतंय असं दिसलं तर उजेड करून घशात बघा आणि तडक निघा.

डिस्चार्जच्या कागदावर भूल कशी दिली, काही अडचण आली का, हे लिहून मागा. तो कागद लसीकरणाच्या कार्डाला टाचून ठेवा. पुढच्या वेळी भूल देणाऱ्याने काही विचारायच्या आधीच तो हातात द्या.