भुंगेऱ्याच्या अंगावर कोळी दिसले, तर फवारणीआधी हे वाचा

पाऊस सुरू झाला की दिव्याभोवती भुंगेरे जमतात. प्रकाश सापळ्यातला एखादा उलटा करून पाहिला, तर पायांच्या सांध्यांत आणि पोटाखाली तपकिरी, चकचकीत ठिपके पळताना दिसू शकतात. ते कोळी (माइट) आहेत. मात्र पानांवर जाळी करून रस शोषणारे लाल कोळी वेगळे. भुंगेऱ्यावरच्या या कोळ्यांसाठी कोळीनाशक मारू नये.

यातले बहुतेक नुसते प्रवासी असतात. कोळ्याला पंख नाहीत आणि शेणाचा पो लवकर सुकतो, म्हणून शेणकिड्याला किंवा माशीला धरून ते ताज्या शेणावर जातात. काही जातींची पिल्ले बारीक देठाने भुंगेऱ्याला चिकटतात. ती अंडीच वाटतात.

शेणावर उतरल्यावर मॅक्रोकेलिस गटातले कोळी माशीची अंडी आणि नुकत्या फुटलेल्या अळ्या खातात. उबदार हवेत त्यांची पिढी तीन-चार दिवसांत पुरी होते. घरमाशीला अंड्यापासून माशी व्हायला आठवडाभर तरी लागतो. ही फुकटची फौज आपणच मारतो, हे जास्त खटकते. पोल्ट्रीतली विष्ठा एकदम खरवडून काढली की नव्या विष्ठेवर माश्या आधी पोहोचतात, कोळी मागाहून. म्हणून सगळी विष्ठा एकाच वेळी काढू नका. एकाआड एक रांग उचला किंवा तळाचा वीतभर कोरडा थर राहू द्या. पाण्याची गळती आधी थांबवा, कारण विष्ठा पातळ झाली की कोळी टिकत नाहीत आणि माश्यांचे फावते. विष्ठेवर कीटकनाशक मारण्यापेक्षा माश्या बसतात त्या भिंती-खांबांपुरते औषध किंवा आमिष वापरा. जनावरांना दिलेल्या आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा अंश शेणात उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. त्यामुळे शेणकिडे भरात असताना सगळ्या कळपाला ते द्यायचे का, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवा.

गेंड्या भुंग्याच्या अंगावरही कोळी असतात, पण त्यांच्या भरवशावर नारळाची बाग सोडू नका. खताचे ढीग उलथून अळ्या वेचा, ढिगात मेटारायझियम बुरशी मिसळा.

दोन ठिकाणी मात्र कोळी दिसले की हयगय नको. पहिले, मधमाश्यांची पेटी. व्हरोआ हा तांबूस, लांबीपेक्षा रुंदीला जास्त असलेला कोळी माश्यांवर आणि त्यांच्या पिल्लावळीवर जगतो. जाळीचे झाकण असलेल्या बरणीत सुमारे 300 माश्या घ्या (राणी त्यात नाही याची खात्री करून), दोन चमचे पिठीसाखर घालून मिनिटभर घोळवा आणि साखर पांढऱ्या कागदावर झाडा. नऊ-दहा कोळी पडले तर उपचार लांबवू नका.

दुसरे, किडलेले धान्य आणि पेंढा. तिथे किड्यांच्या अळ्यांवर जगणारा पायमोटिस कोळी माणसालाही चावतो. चावा लागलीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, अंगावर खाजरे पुरळ उठते. हा कोळी माणसाच्या अंगावर वाढत नाही, तेव्हा आंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुवा. खरा इलाज कोठारातली कीड संपवण्याचा आहे: धान्य कडक वाळवा, किडलेले वेगळे काढा आणि तोवर पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच पोती हलवा.