बटणाचा टप अडला तर: आधी कान द्या, मग पाना हाती घ्या

कन्व्हर्टिबल गाडीचा टप, म्हणजे दुमडून मागे जाणारे छत, बटण दाबूनही हलत नाही म्हटले की बहुतेक जण थेट पंपावर, म्हणजे ऑइलच्या दाबाने टप हलवणाऱ्या मोटरवर, संशय घेतात. पंप महाग असतो. तो बदलल्यावर दोष भलतीकडेच होता असे कळले की फार हळहळ वाटते. म्हणून काहीही उघडण्याआधी गाडी शांत जागी उभी करा, बटण दाबा आणि कोणाला तरी डिकीजवळ कान देऊन उभे करा. आवाजच येत नाही, पंप गुरगुरतो पण टप जागचा हलत नाही, किंवा टप निघतो आणि मध्येच थांबतो: हे तीन वेगळे आजार आहेत.

सुरुवात मात्र तिन्हींत बॅटरीपासून करा. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. अशी अर्धी बॅटरी इंजिन सुरू करून देते, पण टपाचा पंप भरपूर करंट ओढतो, आणि व्होल्टेज घसरले की अनेक गाड्यांचा कंट्रोलर (टपाला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) टप हलवतच नाही. बॅटरी मोजून झाली की पुढे टप चालवून तपासताना इंजिन चालू ठेवा, तेही मोकळ्या हवेत.

टपाच्या सांगाड्याचे सांधे कात्रीसारखे मिटतात आणि बोट सहज तुटू शकते. आत हात घालण्याआधी टपाला लाकडाचा भक्कम टेकू द्या आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. हे टाळू नका.

आवाजच नाही

बऱ्याचदा गाडी बिघडलेली नसते, एखादी अट पुरी व्हायची वाट पाहत असते. मर्सिडीझ एसएलकेच्या डिकीतला सामानावरचा पडदा ओढून अडकवलेला नसेल तर छत हलत नाही. पोर्शच्या पहिल्या पिढीच्या बॉक्सटरला हँडब्रेक ओढलेला लागतो, आणि हँडब्रेकजवळचा छोटा मायक्रोस्विच खराब झाला की तो ओढूनही उपयोग होत नाही. तुमच्या गाडीच्या अटी तिच्या पुस्तिकेत असतात. त्या एकेक करून पडताळा. बॅटरी नुकतीच बदलली असेल तर खिडक्यांकडे बघा. टप हलण्याआधी काचा थोड्या खाली याव्या लागतात, आणि बॅटरी काढल्यावर काही गाड्या काचांची जागा विसरतात. काच पूर्ण वर नेऊन खिडकीचे बटण काही सेकंद तसेच धरून ठेवले की पुष्कळ गाड्यांत ती आठवण परत येते.

अटी पुऱ्या असतील तर फ्यूज पाहा, मग रिले (बटणाच्या इशाऱ्यावर पंपाकडे करंट सोडणारा स्विच). त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून बघता येतो. टप उघडतो पण बंद होत नाही, किंवा उलट, असे असेल तर पंपाची मोटर ठीक आहे असे धरून चाला. बटण किंवा त्या दिशेचा रिले आधी तपासा.

एवढ्यानेही भागले नाही तर अर्थ, म्हणजे पंपाची निगेटिव्हकडची जोडणी, बघा. मीटरची एक तार पंपाच्या अर्थच्या टोकाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि सोबत्याला बटण दाबायला सांगा. पंपाकडे करंट जात असताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर ती जोडणी गंजली आहे. घासून घट्ट करा. माझ्या मते या मापाला दोन मिनिटे लागतात आणि सगळ्यात जास्त पैसे यानेच वाचतात.

पंप चालतो, टप हलत नाही

आवाज बारीक, रिकामा असेल तर ऑइल कमी आहे, आत हवा शिरली आहे, किंवा पंपाचा बायपास व्हॉल्व्ह (जो उघडला की दाब सुटून टप हाताने ओढता येतो) कोणीतरी उघडा ठेवला आहे. पंप कुठे असतो ते गाडीवर अवलंबून; १९९४ ते २००४ च्या फोर्ड मस्टँगमध्ये तो मागच्या सीटच्या पाठीमागे असतो. टप वर किंवा खाली असताना काही ऑइल सिलिंडरमध्ये (ऑइलच्या दाबाने दांडा ढकलून टप हलवणाऱ्या नळीत) गेलेले असते, म्हणून पातळी कोणत्या स्थितीत बघायची हे पुस्तिकेनुसार ठरवा. ऑइलही तिच्यात लिहिलेलेच घाला. ब्रेक ऑइल इथे चालेल असे कोणी सांगितले तर ऐकू नका: खनिज ऑइलसाठी बनवलेली रबरी सीले त्याने फुगून निकामी होतात, आणि रंगावर सांडले तर रंग उठतो.

भरल्यावर टप चार-पाच वेळा उघड-बंद करा म्हणजे हवा निघून जाते. मधूनमधून पातळी पाहा आणि पंपाला थंड होऊ द्या.

ऑइल कमी झाले म्हणजे ते कुठेतरी गेले आहे. प्रत्येक सिलिंडरच्या दांड्याभोवती पांढरा टिश्यू गुंडाळा आणि पुन्हा फेरी घ्या. गळणारे सील लगेच कळते. १९८९ नंतरच्या मर्सिडीझ एसएलमध्ये पुढच्या काचेच्या वरचे सिलिंडर जुने झाले की ऑइल आरशाजवळ ठिबकते. नवीन सिलिंडर घेण्याआधी जुन्यात सीले बदलून मिळतात का ते विचारा.

मध्येच थांबतो

नेमका कुठे थांबतो ते लिहून ठेवा. टप म्हणजे एकापाठोपाठ एक कामांची साखळी असते: लॅच सुटते, मागचे झाकण उघडते, सांगाडा दुमडतो, झाकण मिटते. प्रत्येक काम संपल्याची खबर एखादा स्विच किंवा सेन्सर देतो, आणि खबर आली नाही तर पुढचे काम सुरू होत नाही. फोर्डने १९५७ ते १९५९ या काळात काढलेल्या स्कायलायनरचे पोलादी छतही असेच लिमिट स्विचच्या भरवशावर डिकीत जात असे. थांबलेल्या टप्प्यावरचा स्विच हाताने दाबून मीटरवर सातत्य, म्हणजे त्यातून करंट पलीकडे जातो का, ते तपासा. स्कॅनर वापरणार असाल तर टपाच्या कंट्रोलरशी बोलणारा हवा. फक्त इंजिनचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे कामाचा नाही.

टपाची एक बाजू मागे पडत असेल तर बटण तत्क्षणी सोडा. दांड्याच्या टोकाची प्लास्टिकची वाटी तुटली असेल किंवा एक सिलिंडर बसला असेल. तसेच रेटले तर सांगाडा पिळवटतो, आणि तो पंपाहून महाग पडू शकतो.

पाऊस आला आणि टप अर्धवट असेल तर पुस्तिकेत दाखवलेला बायपास व्हॉल्व्ह सोडा आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी सारख्या गतीने, हळूहळू टप ओढून घ्या. एकट्याने ओढू नका. काम झाल्यावर व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट करा.

दुरुस्ती झाली की टपामागच्या खाचेतली पाणी निघायची भोके साफ करा. पाचोळ्याने ती तुंबतात आणि पाणी आत शिरून पंपाचे किंवा सीटखालच्या कंट्रोलरचे नुकसान करते. लवचिक नायलॉनची दोरी हलकेच फिरवा, बाटलीभर पाणी ओता आणि गाडीखाली दोन्ही बाजूंना धार पडते का ते वाकून बघा.