आखाजीच्या आधी स्विमिंग पूलच्या दुकानात जाताना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी आल्या की त्यांच्या पोरांना आधी पाणी दिसतं. पूर्वी पाठीला डबा बांधून विहिरीत सोडत, आता बऱ्याच मळ्यांत आणि सोसायट्यांत पोहायचे छोटे पूल झाले आहेत. पूल सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर खरेदी महाशिवरात्रीच्या सुमाराला उरकून घ्या. एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळचा पारा चाळिशी ओलांडतो, सगळ्यांना एकाच वेळी क्लोरीन हवं असतं आणि नेमका तुमच्या फिल्टरचा गास्केट बाहेरगावाहून मागवावा लागतो.

घरून निघण्याआधी टेप घेऊन पूल मोजा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करून हजाराने गुणा, म्हणजे लिटर मिळतात. पूल १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे, उथळ बाजूला ०.९ आणि खोल बाजूला १.८ मीटर पाणी आहे, असं धरू. सरासरी खोली १.३५ मीटर होते आणि पाणी ६७,५०० लिटर. हा आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कारण दुकानातली प्रत्येक गोष्ट त्याच्यावरच ठरते. ‘मध्यम साइजचा आहे, द्या काहीतरी’ म्हटलं की दुकानदार अंदाजाने देतो आणि तो अंदाज नंतर पोरांच्या डोळ्यांत झोंबतो.

सोबत पाण्याची बाटली न्या. चांगली धुतलेली बाटली कोपरापर्यंत हात बुडवून, पाणी जिथून आत येतं तिथून लांब, पूर्ण भरून घ्या आणि त्याच दिवशी दाखवा. तपासणी होते का, हे फोनवर आधी विचारून घ्या. बोअरच्या पाण्याची एक बाटली वेगळी न्या, कारण आपल्याकडे खरी अडचण तिथेच असते. काळ्या बेसॉल्टमधून येणारं हे पाणी बऱ्याच ठिकाणी इतकं जड असतं की टाइल्सवर पांढरी रेघ बसते. दुकानदाराला हे माहीत असेल तर तो माल वेगळा सुचवेल. त्याच भागातल्या माणसाकडून घेण्याचा मोठा फायदा हाच.

पार्ट आणायचा असेल तर जुना पार्ट पिशवीत टाकून न्या. ओ-रिंग, पंपाच्या झाकणाचं रबर, मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमधला (फिल्टरच्या पाण्याची दिशा बदलणारा) चाकासारखा गास्केट, यांची मापं तोंडी सांगता येत नाहीत. पंपाच्या आणि फिल्टरच्या नेमप्लेटचे फोटो काढा. पाइपचा बाहेरचा व्यास मोजा: बाजारात ५० मिमीला दीड इंची म्हणतात, ६३ मिमीला दोन इंची. साधे पीव्हीसी एल्बो, टी आणि सोल्युशन मात्र पूलच्या दुकानातून घेऊ नका. खान्देशात ठिबकचं दुकान जवळपास कुठेही सापडतं, तिथे हाच माल सहज मिळतो. फिल्टरची वाळू बदलायची असेल तर ०.४ ते ०.८ मिमीची ग्रेडेड सिलिका वाळूच मागा. गिरणा नदीची वाळू चाळून टाकली तर तिच्यातला बारीक गाळ पुन्हा पुलातच येतो.

आता क्लोरीन, जिथे सगळ्यात जास्त विचार करायला हवा. भाव किलोवर बघू नका, आत क्लोरीन किती टक्के आहे ते बघा. वर धरलेल्या पुलात १ पीपीएम (म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम) क्लोरीन वाढवायला निव्वळ ६७.५ ग्रॅम लागतं. त्यासाठी ९० टक्क्यांचं टीसीसीए (गोळ्यांमधलं ट्रायक्लोरो) ७५ ग्रॅम पुरतं, ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपो (कॅल्शियम हायपोक्लोराइट) साधारण १०४ ग्रॅम, तर साधी ब्लीचिंग पावडर दोनशे ग्रॅमच्या वर लागते. १० टक्क्यांचं लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) पाऊण लिटरला थोडं कमी लागेल. या हिशोबाने स्वस्त-महाग ठरवा.

पण हिशोब तिथे संपत नाही. टीसीसीएच्या गोळ्या सोयीच्या असतात आणि त्यांच्यात स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, असतं. आपल्या उन्हात ते थोडं लागतंच, नाहीतर टाकलेलं क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातं. ३० ते ५० पीपीएम स्टॅबिलायझर चांगलं. मात्र ते पाण्यातून आपोआप जात नाही. दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम स्टॅबिलायझर साठतं. रोज २ पीपीएमच्या हिशोबाने गोळ्या टाकल्या तर शंभर दिवसांत ते १२० पीपीएमवर जाईल. एवढ्या पाण्यात क्लोरीन असूनही नीट काम करत नाही आणि शेवाळ धरतं. उपाय एकच, अर्धंअधिक पाणी सोडून नवं भरणं. मे महिन्यात ज्या तालुक्यात प्यायला टँकर येतो, तिथे पुलाचं पाणी सोडून द्यायला कुणाचंही मन धजणार नाही. म्हणून सुरुवातीला थोड्या गोळ्या आणि पुढे लिक्विड, असं मिश्र नियोजन मला आपल्याकडे सगळ्यात पटतं. कॅल्शियम हायपो जड पाण्यात आणखी कॅल्शियम घालतं, त्यामुळे बोअरवरच्या पुलाला ते टाळलेलं बरं. लिक्विड उन्हात लवकर दम सोडतं. कॅन सावलीत ठेवलेत का बघा, भरल्याची तारीख विचारा आणि आठवड्यापुरतंच घ्या.

पाणी तपासायचं टेस्ट किट घेताना डीपीडी या रसायनाचं मागा. पिवळा रंग दाखवणारं जुनं किट एकूण क्लोरीन सांगतं. त्यातलं मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, किती उरलंय, ते डीपीडीच्या गुलाबी रंगावरून कळतं. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम हवं, आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लपणाचं माप, ७.२ ते ७.८. पीएच खाली आणायला ॲसिड, वर न्यायला सोडा ॲश. शेवाळासाठी घरात पडलेलं मोरचूद टाकू नका. प्लास्टरवर डाग पडतात आणि केसांना हिरवट झाक येते. ब्रश, जाळी, व्हॅक्यूमचा पाइप हे बजेटनुसार घ्या.

माल आणण्याची तयारी दुकानात जाण्याआधीच करा. क्लोरीन आणि ॲसिड एकाच डिकीत ठेवू नका. सांडून एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. छोटा हत्ती किंवा पिकअप बोलवा, दोन टोकांना उभे बांधा, वर ताडपत्री टाका. काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी यासाठी नाहीच. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो एकमेकांत मिसळले तर आग लागते, स्फोटही होतो; दोन्ही घरात असतील तर प्रत्येकाला वेगळा कोरडा डबा आणि वेगळं माप. आणि मळ्यावरच्या लोकांना कळकळीने सांगतो, हे खताच्या खोलीत ठेवू नका. युरियाशी संपर्क आला तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचा स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, आणि डिझेल-ग्रीसजवळही आगीचा धोका असतो. हवा खेळती असलेली, कुलूप लागणारी वेगळी जागा आधी रिकामी करा, मग माल आणा. रबरी हातमोजे आणि चष्मा त्याच खरेदीत घ्या. ॲसिड पातळ करताना बादलीत आधी पाणी, मग ॲसिड.

पैसे कमी पडत असतील तर दिवे, कारंजं, रंगीत टाइल्स पुढच्या वर्षावर टाका. या तीन गोष्टी मात्र आजच घ्या: दोरी बांधलेली लाइफ रिंग, काठावर ठेवायला लांब दांडा आणि तळाच्या ड्रेनची जाळी. जाळी तुटलेली किंवा स्क्रू सैल असेल तर पंपाच्या ओढीने पोराचे केस किंवा हात तिथे अडकू शकतो. म्हणून दुकानात शिरल्यावर पहिली तीच मागा, माप चुकू नये म्हणून जुनी सोबत न्या, आणि नवी घट्ट बसेपर्यंत पंप चालू असताना कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.