काळ्या सायकलची घरची देखभाल, आणि कॉटर पिन बसवायची खरी रीत

सायकलच्या देखभालीवर जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक गिअरवाल्या सायकलींचं असतं. अमुक स्प्रे मारा, तमुक वंगण आणा. येळ्ळूरहून बेळगावात भाजी आणणारा, मच्छेहून उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळीला जाणारा किंवा निपाणीत हँडलला दुधाचे कॅन लटकवून फिरणारा माणूस मात्र अजून दांडीच्या ब्रेकची, म्हणजे तारेऐवजी सळयांनी ब्रेक ओढणारी, काळी पोलादी सायकलच चालवतो. हा लेख तिच्यासाठी. पाने, कानस, पंप आणि बऱ्यापैकी वजनाचा हातोडा घरात आहे असं धरून चालतो.

सोपी कामं आधी उरकू.

हवा आठवड्याला एकदा भरा. सकाळी चाक बसलेलं दिसलं की लगेच पंक्चरवाल्याकडे धावू नका. या सायकलींच्या जुन्या पद्धतीच्या वॉलमध्ये रबरी नळी असते, ती उन्हानं तडकते. वॉलच्या तोंडावर थुंकी लावा. बुडबुडा फुगला तर नळी बदला, ट्यूबला हातही लावायची गरज नाही.

चेन रॉकेलनं धुवा, रॉकेल नसेल तर डिझेलनं. फडक्यानं कोरडी करा, प्रत्येक रोलरवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि वरचं तेल पुसून टाका. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून ओतायचं, हा सल्ला ज्यानं पहिल्यांदा दिला त्याचा फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र) विकायचा धंदा असावा. खानापूर-जांबोटीकडची तांबडी धूळ त्या ऑइलात बसली की दाते घासायची पेस्टच तयार होते. चेन संपली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, पट्टी लावा. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे एका पिनेपासून पुढे चोवीस अंतरं मोजली की बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरलं तर नवी चेन घ्या. एक सूत भरलं तर फ्रीव्हीलही बदला, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन उड्या मारते. जोडाची क्लिप बसवताना तिचं बंद तोंड चेनच्या चालीच्या दिशेला ठेवा.

ब्रेकचे रबर झिजले की बदला. पावसात पोलादी रिमवर ब्रेक उशिरा लागतो, त्याला इलाज नाही, आधीपासून हलका दाबत या. दांडीच्या ब्रेकच्या जागी चिमट्याचे ब्रेक बसवून घ्यायचा मोह होईल. या रिमला बाजूनं सपाट पट्टी नसते, त्यामुळे रिमही बदलावी लागते. तेवढ्या खर्चात पडू नका.

टायर घेताना नुसतं ‘सव्वीसचा द्या’ म्हणू नका. २६ इंची म्हणून विकले जाणारे टायर एका मापाचे नसतात. लेडीज सायकलचा २६ × १ ३/८ हा ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, रेंजर सायकलचा २६ × १.९५ हा ५५९ च्या रिमवर. दुकानदार ओढूनताणून बसवतो म्हणाला तरी ते खरं नाही. काळ्या सायकलचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५. हा आकडा टायरच्या बाजूला ‘४०-६३५’ असा उठवलेला असतो. आकडा जुळला तर घ्या, नाही तर राहू दे की. जाळी बारीक आणि रबर जाड बघा. चिक्कोडीकडच्या बाभळीच्या काट्यांपुढे कुठलाच टायर टिकत नाही, पण पातळ टायर त्यातल्या त्यात आधी जातो. शहापूर-वडगावच्या शिवारात पावसाळी वाटेनं जाणार असाल तर मडगार्ड आणि टायरमध्ये दोन बोटं जागा ठेवा, काळी माती तिथं अडकली की चाक जाम.

आता कॉटर पिन. या एका कामानं मला बरंच रडवलंय, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

क्रँक म्हणजे पायडलचा दांडा, तो मधल्या एक्सलवर धरून ठेवणारी ही पाचरीसारखी पिन. ती सैल झाली की चढावर पायडल मारताना दर फेऱ्याला ‘टक’ असा धक्का पायाला लागतो. तळपायाला लगेच कळतो, कानाला उशिरा. तसंच चालवत राहिलात तर एक्सलची खाच खराब होते आणि मग सगळा एक्सल बदलावा लागतो.

यावर दोन वाईट सल्ले हमखास मिळतात. पहिला, नुसता नट आवळा. नट पिनला ओढून घेत नाही, घसरू देत नाही एवढंच. जास्त आवळला की आटे जातात. दुसरा, पिनेबरोबर पत्र्याचा तुकडा घाला. तो आठवड्यात चेपतो आणि खाच वाकडी झिजवतो. कुणी पत्रा घालायला लागला तर सायकल उचलून घरी या.

जुनी पिन काढायची ती अशी. आदल्या रात्री दोन्ही टोकांना पातळ तेल सोडा. नट पूर्ण काढू नका, पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सोडा, म्हणजे ठोक्यानं आटे फुटत नाहीत. आता सगळ्यात महत्त्वाचं: क्रँकखाली आधार. लोखंडी पाइपचा तुकडा असा कापा की त्याचं खालचं टोक जमिनीवर आणि वरचं क्रँकला भिडेल, आणि सायकलचा भार पाइपवर येईल. पाइपचं तोंड एवढं मोठं हवं की पिनेचं डोकं आत उतरेल. उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याकडे भंगारात असा तुकडा मिळतो.

आधाराशिवाय ठोकलं तर ठोका पिनेला कमी आणि एक्सलमार्गे छर्‍यांना जास्त बसतो. छरे ज्यात फिरतात त्या वाटीत बारीक खड्डे पडतात, मग पायडल फिरवताना करकर लागते आणि ती ग्रीसनं जात नाही. लोक म्हणतात कॉटर पिन काढली की सायकल बिघडते. पिनेनं बिघडत नाही, हवेत ठोकल्यानं बिघडते.

ठोका एकच द्या, पण भरपूर. किलोभराचा हातोडा, सरळ खाली. शंभर टकटक ठोक्यांनी पिनेचं टोक फुलतं आणि ती आणखी अडकते. निघाली नाही तर पुन्हा तेल, पुन्हा थांबा, पुन्हा एकच.

पिन विकत घेताना जुनी खिशात घालून जा. ९ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाडीच्या पिना असतात, नजरेनं फरक कळत नाही. काउंटरवर कानडी असो की मराठी, जुनी पिन पुढे ठेवली की बोलणं मिटलं. कानशीनं एक रेघ ओढून बघा, लोण्यासारखी कापली जात असेल तर परत द्या. लेथवर कडक पोलादाची करून घेण्याचाही नाद नको, मग पिन राहील आणि एक्सल झिजेल. एक जुनी, एक नवी असं करू नका, जोडीच बदला.

नवी पिन जशीच्या तशी कधीच नीट बसत नाही, आणि इथेच घाई नडते. पिन भोकात घालून हलका ठोका द्या, काढा आणि सपाट बाजू उजेडात धरा. जिथं चकाकतंय तेवढाच भाग एक्सलला टेकला. चकाकी एका कोपऱ्यात असेल तर तो कोपरा कानशीनं दोन-तीन वेळा हलका घासा, परत घाला, परत बघा. निम्म्याहून जास्त भाग चकाकेपर्यंत हे करत राहा. कानस सपाट चालवा. गोल गेली की पिन फुकट. दोन्ही पिना शेजारी धरून बघा, घासण सारखी हवी. नाही तर एक खोल जाते, एक वर राहते आणि दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत.

बसवताना दिशा बघा. क्रँक आडव्या असताना एका बाजूचा नट वर असेल तर दुसऱ्या बाजूचा खाली हवा. दोन्ही वर आले तर पायडल तिरकी होतात. मग पुन्हा पाइपचा आधार, पुन्हा भरीव ठोका, मग वायसर आणि नट. घट्ट हवा, जोर काढून नको.

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन आलात की आधार देऊन परत एक ठोका आणि नट किंचित. पहिल्या दिवशी पिन थोडी आत सरकतेच.

एवढं करूनही ‘टक’ राहिलाच तर पायडल तपासा, नुसतं हातानं हलवलं तरी कळतं. बदलायचं झालं तर उजवं नेहमीसारखं सुटतं. डाव्याचे आटे उलटे, ते सोडताना पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा.