दागिन्यांच्या व्यापारी प्रदर्शनात स्टॉल लावताना या चुका टाळा

रत्न व आभूषण निर्यात प्रोत्साहन परिषदेचे ‘आयआयजेएस प्रीमियर’ हे प्रदर्शन मुंबईत ऐन पावसाळ्यात, वांद्रे-कुर्ला संकुल आणि गोरेगाव अशा दोन ठिकाणी भरते. दसरा, दिवाळी आणि पुढच्या लग्नसराईचा माल सराफ तेथे पसंत करतात. तेथे येणारा गिऱ्हाईक म्हणजे स्वतःच पेढी चालवणारा माणूस असतो. वजन किती, घडणावळ किती, कस काय आणि माल किती दिवसांत हातात पडेल, हे त्याचे चार प्रश्न असतात. तरीही प्रथमच उतरणारे बहुतेक कारखानदार स्टॉलची आखणी दुकानाच्या दर्शनी भागासारखी करतात. पैसा मागच्या भिंतीवर आणि नावाच्या पाटीवर खर्च होतो आणि जेथे ऑर्डर लिहिली जाते ते टेबल उरलेल्या कोपऱ्यात ढकलले जाते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

टेबल शेवटी आखणे

3 मीटर बाय 3 मीटरचा, म्हणजे 9 चौरस मीटरचा स्टॉल कागदावर प्रशस्त वाटतो. समोर आडवा काउंटर आला की आत जायला वाट उरत नाही, गिऱ्हाईक बाहेर उभ्यानेच पाहतो आणि उभ्याने पाहणारा फार वेळ थांबत नाही. सराफ सहसा भाऊ, मुलगा किंवा खरेदी सांभाळणारा माणूस सोबत घेऊन येतो, त्यामुळे समोरच्या बाजूला दोन खुर्च्या लागतातच. नकाशा पक्का करण्यापूर्वी कारखान्याच्या जमिनीवर खडूने तेवढाच चौकोन आखावा, खरे टेबल आणि खऱ्या खुर्च्या मांडाव्यात आणि एक माणूस बसलेला असताना दुसऱ्याला ट्रे घेऊन मागून जाता येते का, ते पाहावे. शोकेस कोठे आणि किती बसवायच्या, हे त्यानंतर उरलेल्या जागेत ठरवावे.

प्रकाशाचा विचार कंत्राटदारावर सोपवणे

या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे. एका प्रदर्शनात आमच्या स्टॉलचे सगळे स्पॉटलाइट समोरच्या पट्टीवर, आतल्या दिशेला रोखून बसवले होते. बाहेरून स्टॉल झगमगत होता. पहिला गिऱ्हाईक टेबलाशी बसला, ठुशी हातात घेऊन पुढे वाकला आणि त्याच्या डोक्याची सावली नेमकी ट्रेवर पडली. त्याने ठुशी उचलून बाहेरच्या वाटेतल्या उजेडात नेऊन पाहिली. तेथे पांढरे दिवे होते आणि पिवळेधमक 22 कॅरेट सोने फिकट, जवळपास राखाडी दिसू लागले. ठुशीच्या मण्यांतली सफाई दाखवण्यासाठी आम्ही तिला सगळ्यांत पुढे ठेवले होते, पण मणी धड दिसण्याआधीच ती ट्रेमध्ये परत आली.

म्हणून टेबलाचा दिवा बसणाऱ्याच्या पाठीमागे नसावा. तो टेबलाच्या वर, किंचित विक्रेत्याच्या बाजूला असावा. पिवळ्या सोन्यासाठी आणि कुंदन-पोलकीसाठी सुमारे 3000 केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) उबदार प्रकाश चांगला, तर हिरे, प्लॅटिनम आणि चांदी 4000 ते 5000 केल्विनच्या आसपास खुलतात. दोन्ही प्रकारचा माल असेल तर शोकेस वेगळ्या ठेवाव्यात, कारण एकाच काचेखाली दोन रंगांचे दिवे लावले की दोन्ही माल बिघडलेले दिसतात. दिव्याचा सीआरआय, म्हणजे खरा रंग दाखवण्याची क्षमता, 90 च्या वर असावी. तसे नसेल तर माणिक आणि लाल मीना काळपट दिसतो. हॅलोजन टाळावेत, दिवसभराच्या उष्णतेने मोती आणि ओपल कोरडे पडून खराब होऊ शकतात. चूक जागेवर लक्षात आली, तर पट्टीवरचे दोन दिवे वळवून टेबलावर आणावेत आणि सोबत नेलेला टेबललॅम्प काढावा. असा एक लॅम्प आम्ही आता नेहमीच पेटीत टाकतो.

सगळाच माल मांडणे

साज, मोहनमाळ, तन्मणी, तोडे, पाटल्या असे सगळे एका शोकेसमध्ये कोंबले की आपली हातोटी कशात आहे, हे समोरच्याला कळत नाही. त्यापेक्षा एकच ठुशी तीन वजनांत शेजारी शेजारी ठेवावी. सोन्याचा भाव चढलेला असताना हलक्या वजनात तोच दागिना किती भरीव दिसतो, हे सराफाला पाहायचे असते. प्रत्येक नगाच्या टॅगवर एकूण वजन, निव्वळ वजन आणि डिझाइन क्रमांक असावाच. हॉलमार्कबद्दलही उत्तर तयार ठेवावे. सरकारमान्य व्यापारी प्रदर्शनांसाठीच्या दागिन्यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट दिलेली आहे, परंतु पेढीवर विकल्या जाणाऱ्या सोन्याच्या मालावर सहसा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक लागतो आणि तो करून कोण देणार, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारतोच.

वजनकाटा तसाच चालू करणे

प्रवासातून आलेला इलेक्ट्रॉनिक काटा आधी समतल करावा लागतो. त्यातला बुडबुडा वर्तुळाच्या मध्यावर आला पाहिजे. एसीचा झोत थेट काट्यावर येत असेल तर शेवटचा आकडा सारखा नाचत राहतो आणि नाचणारा आकडा पाहून गिऱ्हाईकाच्या मनात शंका येते. काट्याची जागा बदलावी, झाकण वापरावे, प्रमाणित वजन टाकून रोज सकाळी खात्री करावी आणि वैधमापन विभागाचा शिक्का मुदतीत आहे का, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

मोजदाद आणि कागद उद्यावर टाकणे

ठरावीक खाचांचे ट्रे वापरावेत. चोवीस अंगठ्यांच्या ट्रेमध्ये तेवीस असल्या तर रिकामी खाच लगेच डोळ्यांत भरते, पण मखमलीवर पसरलेल्या अंगठ्यांत एक कमी असली तरी ते पटकन लक्षात येत नाही. एका गिऱ्हाईकापुढे एका वेळी एकच ट्रे काढावा, तो आत गेल्यावर दुसरा. विक्रीशिवाय बाहेर जाणाऱ्या मालासोबत डिलिव्हरी चलान असते. त्याची टॅगनिहाय यादीच रोज रात्री मोजदादीला वापरावी. ज्वेलर्स ब्लॉक विम्यात कामाच्या वेळेनंतर तिजोरीबाहेर राहिलेल्या मालाचे नुकसान सहसा धरले जात नाही, त्यामुळे प्रदर्शनाचे दिवस, तेथील तिजोरी आणि ने-आण हे तिन्ही विम्यात आहेत, असे कंपनीकडून लेखी घ्यावे. जांगडीवर, म्हणजे पसंत पडला तर ठेवावा, नाहीतर परत करावा या बोलीवर माल द्यायचाच असेल तर चिठ्ठीवर नगवार वजन आणि परतीची तारीख लिहावी. जीएसटीप्रमाणे माल बाहेर पडल्यापासून फार तर सहा महिन्यांत त्याचे बिल करावे लागते.

शेवटच्या तासाची घाई

शेवटच्या दिवशी घोषणा झाली की शेजारचे स्टॉल उतरू लागतात, वाटेत फळ्या आणि अनोळखी मजूर येतात आणि आपलीही माणसे थकलेली असतात. अशा वेळी दोघांनी फक्त मोजायचे आणि पेटीत भरायचे, तिसऱ्याने फक्त स्टॉलच्या तोंडाशी उभे राहायचे, असे सकाळीच ठरवावे. पावसाळा असल्याने पेट्यांना आतून प्लॅस्टिक आणि चांदीच्या मालाला वेगळ्या हवाबंद पिशव्या असाव्यात. शेवटचा ट्रे मोजून, यादीवर दोघांच्या सह्या होऊन पेटीला कुलूप लागेपर्यंत कंत्राटदाराला टेबलावरचा दिवा काढू देऊ नये.