बोटीचा गिअर नीट पडत नसेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी केबल तपासा

गिअर घसरतोय म्हटलं की लोक थेट गिअरबॉक्स उघडायला निघतात. मी आधी गिअरबॉक्समधलं तेल बघतो आणि मग चालवायच्या हँडलपासून गिअरबॉक्सच्या लिव्हरपर्यंत जाणाऱ्या केबलकडे वळतो.

इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा. गिअरबॉक्सच्या लिव्हरवरची केबल सोडवा आणि लिव्हर हाताने पुढे-मागे करून बघा. न्यूट्रलला तो खटकन बसायला हवा, दोन्हीकडे शेवटपर्यंत जायला हवा. तसा जात असेल, तर दोष बहुधा केबलमध्येच आहे.

आता हँडल आणि लिव्हर दोन्ही न्यूट्रलला आणा. केबलचं टोक लिव्हरच्या भोकावर न ओढता, न ढकलता अलगद बसलं पाहिजे. बसत नसेल तर चेकनट (टोक जागेवर घट्ट धरणारा नट) ढिला करून टोक फिरवा. मात्र आटे पुरेसे आत राहू द्या, नाहीतर टोक निसटेल आणि नेमका धक्क्याला लागताना रिव्हर्स पडणार नाही. शेवटी चेकनट आवळा, टोक लिव्हरवरून निसटू नये म्हणून असलेली स्प्लिट पिन नवी घाला.

हँडल पूर्ण टाकल्यावर गिअरबॉक्सचा लिव्हरही पूर्ण गेलाच पाहिजे. अर्धवट राहिला तर क्लच घसरून जळतो. लिव्हर कमी पडत असेल तर ब्रॅकेटजवळ केबलचं बाहेरचं आवरण सरकतंय का बघा. आवरण धरून ठेवणारा हा ढिला क्लॅम्प फार जणांच्या नजरेतून सुटतो.

सोडवलेली केबलच हाताला जड लागत असेल तर तेल घालत बसू नका, बदला. नवी टाकताना वळणं मोठी ठेवा. चाचणी बोट घट्ट बांधून, इंजिन आयडलवर (सर्वात कमी वेगावर) ठेवूनच घ्या.